दोन देशांतल्या संसाराचा व्हिसा: माझा अनुभव

पत्नी परदेशी नागरिक असल्यामुळे विवाहानंतरही आम्ही दूर राहत होतो. पर्यटक व्हिसावर तिच्या देशात जाऊन भेट होते, संसार होत नाही. शिवाय जोडीदार तिथलाच असेल तर अर्जदार मुदतीत परतेल का, अशी शंका अधिकाऱ्यांना येते. म्हणून आम्ही थेट जोडीदार व्हिसाचा मार्ग धरला. दोन्ही देश १९६१ च्या हेग करारात असल्याने विवाह प्रमाणपत्रावर अपोस्टिल (कागद खरा असल्याची, करारातील इतर देशांत मान्य होणारी सरकारी मोहोर) घेतले, त्याचे प्रमाणित भाषांतर जोडले आणि नाते खरे असल्याचा पुरावा म्हणून भेटींची तिकिटे, एकमेकांना पाठवलेल्या पैशांच्या नोंदी व संभाषणांचे निवडक उतारे तारखेनुसार लावले. लग्नाच्या छायाचित्रांपेक्षा (तीही जोडली होतीच) या रुक्ष कागदांना अधिक वजन असते, असे माझे मत आहे. उत्पन्नाची कागदपत्रे बोलावणारी व्यक्ती या नात्याने पत्नीने दिली आणि व्हिसा मंजूर झाला.