कम्युनिटी कॉलेजची जीई (जनरल एज्युकेशन) युनिटं विद्यापीठात नेताना: कॅलिफोर्नियातल्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी

एका जानेवारीत माझी भाची आमच्याकडे राहायला आली होती. जेवणं झाल्यावर म्हणाली, "मावशी, माझी सत्तर युनिटं झाली. विद्यापीठात जायला लागतात साठ. आता मी निवांत." युनिट म्हणजे कोर्सचं वजन मोजायचं माप. तिने दोन कम्युनिटी कॉलेजांत (पहिली दोन वर्षं इथे करून पुढे विद्यापीठात ट्रान्सफर घेता येते) कोर्स केले होते, म्हणून दोन्ही ट्रान्सस्क्रिप्ट, म्हणजे गुणपत्रिका, टेबलावर पसरून बसलो. एका ठिकाणी क्वार्टर पद्धत (वर्षाच्या तीन टर्म), दुसरीकडे सेमिस्टर (दोन टर्म). एकीकडची ४८ आणि दुसरीकडची २२, अशी तिने सरळ बेरीज केली होती. पण क्वार्टरची तीन युनिटं म्हणजे सेमिस्टरची दोन. ४८ ची झाली ३२, आणि एकूण ५४. वर भाषणकलेचा कोर्स राहिला होता तो वेगळाच. त्या रात्री ती खूप रडली. स्प्रिंग सेमिस्टर अजून सुरू झालं नव्हतं म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच तीन-तीन युनिटांच्या दोन कोर्सना तिने नाव घातलं आणि बरोब्बर साठ भरली.

दोन्हीकडच्या काउन्सेलरांना ती भेटली होती. प्रत्येकाने आपापल्या कॉलेजपुरतं बघितलं, दोन्ही कागद शेजारी ठेवून कुणीच बघितलं नाही. तेव्हापासून आमच्या ओळखीतल्या घरांमध्ये मुलं कम्युनिटी कॉलेजला जायला लागली की मी त्यांच्या आईवडिलांशी बसून बोलते. तेच इथे लिहिते आहे. हे सगळं कॅलिफोर्नियाचं आहे. दुसऱ्या राज्यात नियम वेगळे.

एक गोष्ट आधीच सांगते. आपल्या मंडळींमध्ये कम्युनिटी कॉलेज म्हटलं की आवाज खाली येतो, जणू मुलगा नापास झाला. मला हे मनापासून खटकतं. इथे रहिवाशांना सेमिस्टरच्या एका युनिटला ४६ डॉलर फी पडते, म्हणजे साठ युनिटं २,७६० डॉलरात होतात. यूसीची, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची, एका वर्षाची फी १४ हजारांच्या वर जाते, राहण्याजेवण्याचा खर्च वेगळा. दोन वर्षं इथे करून पुढे विद्यापीठात गेलं की शेवटी पदवी मिळते ती विद्यापीठाचीच. राज्यातली ११६ कम्युनिटी कॉलेजं आणि यूसी-सीएसयू (सीएसयू म्हणजे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) यांच्यात हा रस्ता मुद्दाम बांधलेला आहे. तो नीट वाचून चालायला हवा, एवढंच.

पहिली पायरी: "ट्रान्सफर होतं का?" हा प्रश्न तीन वेळा विचारा

मुलगा सांगतो, "हा कोर्स ट्रान्सफर होतो," आणि आपण मान डोलावतो. पण या एका वाक्यात तीन वेगळे प्रश्न दडलेले असतात. कोर्सची युनिटं विद्यापीठ धरतं का? धरत असेल तर जनरल एज्युकेशनच्या, म्हणजे जीईच्या (मेजर कुठलाही असो, सगळ्यांना लागणाऱ्या सामान्य विषयांच्या), कुठल्या खान्यात तो बसतो? आणि मुलाच्या मेजरला, म्हणजे मुख्य विषयाला, जी पूर्वतयारी लागते तिच्यात तो मोजला जातो का?

तिन्ही उत्तरं वेगवेगळी येऊ शकतात. स्टॅटिस्टिक्स घ्या. युनिटं धरली जातात, जीईचा गणिताचा खानाही भरतो. पण मुलाला कॉम्प्युटर सायन्स करायचं असेल तर कॅल्क्युलसला पर्याय नाही, तिथे स्टॅटिस्टिक्स पुरत नाही. काही कोर्स सीएसयूला चालतात, यूसीला चालत नाहीत. युनिटं वाया गेली अशी रड मी ज्या ज्या घरात ऐकली, तिथे बहुतेक वेळा पहिल्याच प्रश्नाचं 'हो' ऐकून पुढचे दोन विचारायचे राहिले होते.

दुसरी पायरी: जीईचा साचा समजून घ्या

२०२५ च्या फॉलपासून (उन्हाळ्याच्या सुट्टीनंतरची टर्म) यूसी आणि सीएसयू दोन्हींसाठी जीईचा एकच साचा आहे: कॅल-गेट्सी. त्याआधी आयगेट्सी आणि सीएसयूचा वेगळा ब्रेड्थ, असे दोन होते. मोठ्या भावंडांच्या वेळची माहिती म्हणूनच जशीच्या तशी वापरू नका. मात्र २०२५ च्या फॉलआधी कॉलेज सुरू करून मध्ये खंड पडू न दिलेल्या मुलाला जुना साचा पुरा करण्याचा हक्क असतो. त्याला 'कॅटलॉग राइट्स' म्हणतात. आपल्याला तो आहे का, हे काउन्सेलरकडून लेखी घ्या.

कॅल-गेट्सीत सेमिस्टरची किमान ३४ युनिटं आणि सहा विभाग आहेत.

पहिला विभाग इंग्रजी संवादाचा. त्यात तीन कोर्स: निबंधलेखन, तर्कशुद्ध विचार आणि लेखन, आणि भाषणकला. दुसरा गणिताचा, एक कोर्स. तिसऱ्यात कलेचा एक आणि मानव्यविद्येचा एक. चौथ्यात सामाजिक शास्त्रांचे दोन, तेही दोन वेगळ्या विषयांतले. दोन्ही मानसशास्त्राचे घेतले तर चालत नाही. पाचव्यात भौतिक विज्ञानाचा एक, जीवविज्ञानाचा एक, आणि दोन्हींपैकी एकाला प्रयोगशाळा हवीच. सहाव्यात एथनिक स्टडीजचा (अमेरिकेतल्या वांशिक समूहांच्या अभ्यासाचा) एक.

प्रत्येक कोर्सला किमान 'सी' लागतो, 'सी मायनस' धरत नाहीत. एथनिक स्टडीजचा एखादा कोर्स चौथ्या विभागाच्या यादीतही दिसतो, पण तो मोजला जातो एकाच ठिकाणी. मुलांना वाटतं एका दगडात दोन पक्षी मारले, आणि शेवटच्या सेमिस्टरला एक खाना रिकामा सापडतो.

आपल्याकडची मुलं गणित-विज्ञान आधी उरकतात आणि भाषणकला शेवटापर्यंत ढकलतात. असं करू नका. सीएसयूसाठी निबंधलेखन, तर्क, भाषण आणि गणित हे चार कोर्स प्रवेशाच्या आधीच्या स्प्रिंगपर्यंत पुरे व्हावेच लागतात. तर्काच्या कोर्सला निबंधलेखन आधी झालेलं लागतं, म्हणजे दोन टर्म सलग हव्यात. पहिल्याच टर्मला इंग्रजी घ्या, ही माझी सगळ्यांना कळकळीची विनंती. आता या कोर्सना सगळ्या कॉलेजांत सारखे क्रमांक मिळत आहेत: निबंधलेखन 'इंग्लिश सी १०००', तर्क 'इंग्लिश सी १००१', भाषण 'कॉम सी १०००'. त्यामुळे एका कॉलेजातून दुसऱ्यात जाताना ओळख पटवणं सोपं झालंय.

जाता जाता एक. जुन्या आयगेट्सीत यूसीसाठी इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेची अट होती. सहावी किंवा त्यावरची दोन वर्षं इंग्रजी माध्यमाबाहेरच्या शाळेत झाली असली की ती अट भागायची. म्हणजे मराठी शाळेत सातवी-आठवी केलेल्या मुलाला ती शाळाच उपयोगी पडायची. नव्या साच्यातून ही अट गेली. ज्यांना जुन्या साच्याचा हक्क आहे त्यांनी मात्र शाळेच्या गुणपत्रिका शोधून ठेवाव्यात.

तिसरी पायरी: मेजर आधी, जीई नंतर? हे मेजरवर ठरतं

इतिहास, अर्थशास्त्र, मानसशास्त्र, बिझनेस अशा विषयांना आधी सगळं जीई संपवणं शहाणपणाचं. इंजिनिअरिंगचं तसं नाही. तिथे कॅल्क्युलसची पूर्ण मालिका, डिफरन्शियल इक्वेशन्स, फिजिक्स आणि प्रोग्रॅमिंग यांनीच दोन वर्षं भरतात. यूसीची इंजिनिअरिंग कॉलेजं प्रवेश देताना ही तयारी बघतात. जीईचे ३४ पुरे करण्याच्या नादात फिजिक्सचा शेवटचा कोर्स राहिला तर प्रवेशाची शक्यताच कमी होते. अशा मुलांनी निबंधलेखन आणि तर्क हे इंग्रजीचे दोन्ही कोर्स (सीएसयूसाठी वर सांगितलेले चारही) आणि मेजरची तयारी आधी धरावी, बाकीचं जीई जमेल तसं. बहुतेक इंजिनिअर आईबापांच्या घरात हे उलटं होताना मी पाहते. "सोपे विषय आधी करून टाक" हा सल्ला आपण प्रेमानेच देतो, पण तो महागात पडतो.

सीएसयूला जायचं नक्की असेल तर असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफरही बघा. २०१० च्या कायद्याने आलेली ही साठ युनिटांची पदवी. ती असली की सीएसयूत कुठेतरी जागेची हमी मिळते. हव्या त्याच कॅम्पसची हमी मात्र नसते.

खासगी विद्यापीठं किंवा दुसरं राज्य मनात असेल तर कॅल-गेट्सी मानायला ती बांधील नाहीत. त्यांचा प्रत्येक कोर्स त्यांच्याच यादीत शोधावा लागतो.

चौथी पायरी: असिस्टवर स्वतः बघा

असिस्ट डॉट ऑर्ग ही राज्याची अधिकृत साइट आहे, फुकट आहे, आणि काउन्सेलरही तीच उघडून बसतात. वर्ष निवडा, आपलं कॉलेज निवडा, जायचं ते विद्यापीठ निवडा, मग मेजर. डावीकडे विद्यापीठाचा कोर्स, उजवीकडे त्याच्या बदल्यात चालणारा आपल्या कॉलेजचा कोर्स. उजवीकडे कोर्स नसेल तर बदली कोर्स नाही. मग तो जवळच्या दुसऱ्या कॉलेजात मिळतो का ते शोधायचं.

कॅल-गेट्सीची यादीही तिथेच, प्रत्येक कॉलेजची वेगळी. कोर्स ज्या टर्मला केला त्या टर्मला यादीत असायला हवा, म्हणून वर्ष चुकवू नका. आमच्या घरी साधी पद्धत आहे: दर टर्मला नाव घालण्याआधी ते पान छापून फाइलला लावायचं. पुढे वाद निघाला तर तारखेचा कागद हातात असतो. त्याच फाइलमध्ये प्रत्येक कोर्सचा सिलॅबस ठेवायचा.

दोन कॉलेजांत कोर्स केले असतील तर युनिटं एकाच मापात आणा. डी अँझा आणि फूटहिलला क्वार्टर आहे, फ्रीमाँटच्या ओलोनीला सेमिस्टर. क्वार्टरच्या आकड्याला दोनने गुणा, तीनने भागा. ट्रान्सफरसाठी सेमिस्टरची ६० किंवा क्वार्टरची ९० लागतात. कम्युनिटी कॉलेजची यूसी जास्तीत जास्त ७० सेमिस्टर युनिटं धरते. त्यापुढच्या कोर्सचा विषय मान्य होतो, युनिटं मिळत नाहीत.

एपीचे, म्हणजे हायस्कूलमधल्या कॉलेज पातळीच्या परीक्षांचे, गुण असतील तर तेही मोजा. बऱ्याच विषयांत पाचपैकी ३ गुणांना जीईचा खाना भरतो. पण इंग्रजी संवादाच्या विभागात एपी इंग्लिशने फक्त निबंधलेखन भागतं. तर्काचा आणि भाषणाचा कोर्स करावाच लागतो. आणि मेजरसाठी विद्यापीठाचा विभाग ४ किंवा ५ मागू शकतो.

पाचवी पायरी: तारखा

ट्रान्सफर फॉलला करायची असेल तर यूसीचा अर्ज आदल्या ऑगस्टला उघडतो. सप्टेंबर महिना टॅगचा, म्हणजे हमीच्या प्रवेशाच्या अर्जाचा. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ ही सहा कॅम्पस टॅग देतात. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो देत नाहीत. टॅग एकाच कॅम्पससाठी भरता येतो, तो भरून बाकीच्या कॅम्पसना नेहमीसारखा अर्ज करता येतो. अट पुरी होत असेल तर टॅग सोडू नका.

ऑक्टोबर-नोव्हेंबर यूसी आणि सीएसयूच्या अर्जांचे. शेवटचा नेमका दिवस दरवर्षी साइटवर बघायचा. जानेवारीत यूसी फॉलचे गुण आणि स्प्रिंगचे बेत कळवायला सांगते. हे विसरून चालत नाही. यूसीला रहिवाशांसाठी किमान जीपीए (ग्रेडची सरासरी) २.४, बाहेरच्यांसाठी २.८. सीएसयूला २.० आणि २.४. हे उंबरठे झाले. मागणी असलेल्या मेजरला याहून पुष्कळ वर लागतं.

अर्जात आजवर शिकलेलं प्रत्येक कॉलेज लिहा. जिथे एकच कोर्स घेऊन मध्येच सोडला तेही. भारतात पुण्याला किंवा नागपूरला एक वर्ष बी.एससी. केलं असेल तर तेही. "ते कशाला दाखवायचं" असं म्हणून लपवलं आणि पुढे कळलं तर मिळालेला प्रवेश रद्द होऊ शकतो.

हायस्कूलमध्येच कम्युनिटी कॉलेजचे कोर्स करणारी मुलं हल्ली पुष्कळ आहेत. कितीही युनिटं झाली तरी ती बारावीनंतर फर्स्ट-इयर म्हणूनच अर्ज करतात, ट्रान्सफर म्हणून नाही, आणि यूसीत कॅल-गेट्सी त्यांच्यासाठी नाही. त्यांचे कोर्स एकेक करून तपासले जातात. आणि तिथला प्रत्येक ग्रेड कॉलेजच्या ट्रान्सस्क्रिप्टवर कायम राहतो. नववीतल्या मुलाला सुट्टीत तीन कोर्सना बसवताना हे लक्षात असू द्या.

शेवटची पायरी: सर्टिफिकेशन मागा

प्रवेश मिळाला, पेढे वाटले, आणि हे राहून गेलं, असं फार होतं. जीई पुरं झालं हे विद्यापीठ आपणहून धरत नाही. तसं प्रमाणपत्र कम्युनिटी कॉलेजने पाठवावं लागतं आणि ते विद्यार्थ्याने मागावं लागतं. कोर्स अनेक कॉलेजांत केले असतील तर सहसा शेवटच्या कॉलेजकडे मागायचं, त्याआधी बाकीच्यांच्या ट्रान्सस्क्रिप्ट त्यांच्याकडे पोचवायच्या. अंतिम ट्रान्सस्क्रिप्ट यूसीला १ जुलैपर्यंत हवी असते, म्हणून स्प्रिंगचे ग्रेड लागले की त्याच आठवड्यात दोन्ही अर्ज करा. प्रमाणपत्र गेलं नाही तर विद्यापीठ आपलं स्वतःचं जीई लावतं, आणि एकदोन टर्म जास्तीची फी भरावी लागू शकते.

सीएसयूला गेल्यावरही वरच्या वर्गातलं ९ युनिटांचं जीई तिथेच करायचं असतं, आणि अमेरिकेचा इतिहास व राज्यघटना यांची अट वेगळी असते. ती कम्युनिटी कॉलेजातच उरकता येते.

यूसीत पोचल्यावर युनिटं बरोबर येतात, ग्रेड येत नाहीत. जीपीए नव्याने सुरू होतो. पहिल्या महिन्यात डिग्री ऑडिट (पदवीसाठी काय झालं, काय राहिलं याचा विद्यापीठाचा तक्ता) उघडून आपल्या फाइलशी ताडून बघा. एखादा कोर्स नुसता 'इलेक्टिव्ह', म्हणजे ऐच्छिक, म्हणून पडला असेल तर विभागाच्या सल्लागाराकडे पिटिशन करता येतं. तेव्हा छापून ठेवलेलं असिस्टचं पान आणि त्या कोर्सचा सिलॅबस दोन्ही सोबत न्यायचे. माझ्या भाचीचा मानववंशशास्त्राचा कोर्स असाच परत मोजून मिळाला. सिलॅबस तिच्या जुन्या दप्तराच्या तळाशी चुरगळलेला सापडला होता.