दुखणं थांबलं म्हणजे ग्राफ्ट पक्का झाला असं नाही: एसीएल ऑपरेशननंतर या चुका टाळा

एसीएल म्हणजे मांडीचं हाड आणि नडगी बांधून ठेवणारा गुडघ्यातला पट्टा (लिगामेंट). तो तुटला की त्या जागी सहसा आपल्याच शरीरातला टेंडन, म्हणजे स्नायू हाडाशी जोडणारी दोरी, बसवतात; तोच ग्राफ्ट. ऑपरेशनला दोन महिने झाले की बहुतेकांचा गुडघा शांत होतो. सूज उतरते, कुबड्या सुटतात, जिनाही चढता येतो. आणि नेमका याच सुमाराला ग्राफ्ट सगळ्यात कच्चा असतो.

मांडीमागचा हॅमस्ट्रिंगचा किंवा वाटीखालचा टेंडन काढला की त्याचा रक्तपुरवठा तुटतो. गुडघ्यात बसवल्यावर त्यातल्या मूळ पेशी मरतात. मग नव्या रक्तवाहिन्या आत शिरतात, जुने तंतू मोडून नवे विणले जातात. ही मोडतोड चालू असताना, साधारण ६ ते १२ आठवड्यांत, त्याची ताकद बसवला त्या दिवसापेक्षाही कमी होते. लिगामेंटसारखं रूप यायला वर्ष किंवा जास्तही लागतं. तेव्हा ‘आता काही त्रास नाही’ म्हणून कबड्डीचा एखादा डाव खेळून बघणं, ही चूक सगळ्यात महागात पडते.

मित्राचा व्यायामाचा तक्ता उचलणं ही दुसरी. वाटीखालच्या टेंडनच्या टोकांना हाडाचे तुकडे असतात, ते ग्राफ्ट बसवायला हाडात पाडलेल्या बोगद्याशी ६ ते ८ आठवड्यांत जुळतात. हॅमस्ट्रिंगला हाड धरायला त्याहून जास्त वेळ लागतो. त्यात मेनिस्कसला (गुडघ्यातल्या कूर्चेच्या गादीला) टाके घातले असतील तर तक्ता आणखी वेगळा.

गुडघ्याखाली उशी घेऊन झोपू नका. बरं वाटतं खरं, पण गुडघा वाकलेलाच राहतो आणि पुढे चालताना पाय लंगडतो. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवा, गुडघा आपल्या वजनाने खाली जाऊ द्या. काही आठवड्यांनी पालथं झोपून घरच्यांना दोन्ही टाचा बघायला सांगा. ऑपरेशनच्या पायाची टाच वर राहत असेल तर पाय पूर्ण सरळ होत नाहीये. फिजिओला लगेच दाखवा, सवडीने नको.

सिगारेटने ग्राफ्ट भरायला उशीर लागतो, हे वेगळं सांगायला नको.

मैदानावर परतायला किमान ९ महिने धरा. नुसत्या कॅलेंडरवरही जाऊ नका, मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या निदान ९० टक्के हवी. नुसत्या चांगल्या एमआरआयवरून हा निर्णय घेता येत नाही.

पोटरी सुजून दुखत असेल तर चोळू नका, रक्ताची गुठळी असू शकते. ताप, जखमेतून पाणी, किंवा ‘टप’ असा आवाज होऊन काही तासांत गुडघा फुगला, तर त्याच दिवशी सर्जनकडे जा.