पालकसभेत लैंगिक शिक्षणाचा विषय निघेल तेव्हा

मी सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. लैंगिक शिक्षणाच्या एखाद्या अहवालावरून सरकार अडचणीत आलं की पुढच्या पालकसभेत प्रश्न येतोच: "बाई, हे आमच्या मुलांना कशाला?" तुम्हीही शिकवत असाल तर तयारीनिशी जा.

आधी मूळ अहवाल वाचा, बातम्या नंतर. २००७ साली केंद्राच्या किशोरवयीन शिक्षण कार्यक्रमावर गदारोळ झाला आणि अनेक राज्यांनी तो थांबवला. थांबवणाऱ्यांपैकी मध्य प्रदेश, गुजरातेत भाजपचं सरकार होतं, महाराष्ट्रात काँग्रेस-राष्ट्रवादीचं. एवढं सांगितलं की सभेत पक्षाचं भांडण लागत नाही.

पुढे २००९ मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीचा अहवाल आला. अध्यक्ष होते व्यंकय्या नायडू. थेट शिफारशींकडे वळा. किशोरवयातल्या शारीरिक-मानसिक वाढीची प्रकरणं सध्याच्या अभ्यासक्रमातून काढावीत, ती फक्त जीवशास्त्राच्या पुस्तकात घ्यावीत आणि तीही अकरावीच्या आधी नाही, असा त्यांचा आशय. तो फळ्यावर लिहा. खाली लिहा: 'पाळी कितवीत येते?' आणि गप्प राहा. आयाच बोलू लागतात. सहावी. सातवी. एखादी हळूच पाचवी म्हणते. मग विचारा, तोवर तिला कोण सांगणार? या प्रश्नाला घाई करू नका, माझ्या मते सगळी सभा इथेच ठरते.

"आपल्या संस्कृतीत बसत नाही" असं कुणी म्हटलं तर वाद घालू नका. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं, लैंगिक आरोग्यावर मासिक चालवलं, आणि त्यांच्यावर खटला झाला तेव्हा बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. ही आपलीच माणसं.

आकडा शेवटी काढा, सुरुवातीला काढला तर पालक बिथरतात. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा अभ्यास २००७ चाच: १३ राज्यांतली १२,४४७ मुलं, आणि त्यांतल्या ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ झाल्याचं सांगितलं. त्यात मुलगेही होते, हे आवर्जून सांगा.

लगेच पाठाचं टाचण हातात द्या: अवयवांची खरी नावं, पाळी आणि स्वप्नदोष, नकोसा स्पर्श, कुणाला सांगायचं, मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर १०९८. मुलगे-मुली एकाच वर्गात. तारीख, तास लिहा आणि ज्यांना शंका आहे त्यांना मागच्या बाकावर बसायला बोलवा.