शस्त्रक्रियेच्या रुग्णाला रक्त देताना परिचारिकेने घ्यायची काळजी

पुण्यात पेठांमधल्या आणि उपनगरांतल्या अनेक लहान रुग्णालयांना स्वतःची रक्तपेढी नसते. नातेवाईकच मागणीपत्र व नमुना घेऊन जातात आणि थर्मोकोलच्या डब्यातून पिशवी आणतात. त्यामुळे परिचारिकेची जबाबदारी नमुना घेण्यापासूनच सुरू होते. क्रॉसमॅचचा (दात्याचे रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळते का, या चाचणीचा) नमुना खाटेशी घ्यावा आणि नळीवर नाव, नोंदणी क्रमांक, तारीख व वेळ तिथेच लिहावी. आधीच लेबले चिकटवून ठेवलेल्या नळ्या वापरण्याची सवय ड्यूटी कितीही धावपळीची असली तरी क्षम्य नाही.

पिशवी आली की बर्फ तिला थेट टेकलेला नाही ना हे पाहावे, कारण गोठलेल्या तांबड्या पेशी फुटतात. गळती, गुठळ्या, बदललेला रंग आणि मुदतीची तारीख तपासावी. तांबड्या पेशी 2 ते 6 अंश सेल्सिअसला साठवतात. तेवढ्या थंडाव्यातून बाहेर काढल्यावर 30 मिनिटांत रक्त सुरू करावे आणि 4 तासांत संपवावे. उशीर होणार असेल तर पिशवी वॉर्डातल्या औषधांच्या फ्रिजमध्ये न ठेवता रक्तपेढीला कळवावे. ती गरम पाण्यात बुडवून कोमट करण्याचा प्रकार तर कधीच करू नये.

सर्वांत जास्त वेळ द्यावा तो ओळख पटवण्याला. एकाच वॉर्डात दोन जाधव किंवा दोन शिंदे असणे आपल्याकडे नवलाचे नाही. “तुम्ही जाधवकाका ना?” असे विचारले तर भुलीच्या गुंगीतला रुग्ण कशालाही “हो” म्हणतो; म्हणून “काका, तुमचं पूर्ण नाव सांगा,” असेच विचारावे, आणि त्यांना बोलता येत नसेल तर मनगटावरची पट्टी वाचावी. परिचारिका आणि आणखी एक कर्मचारी अशा दोघांनी मिळून, खाटेशी उभे राहून, पट्टी, पिशवीचे लेबल, क्रॉसमॅचचा अहवाल आणि केसपेपर यांवरील नाव, रक्तगट व पिशवी क्रमांक मोठ्याने वाचून जुळवावेत. नर्सिंग स्टेशनवर बसून कागदाशी कागद जुळवणे म्हणजे पडताळणी नव्हे.

फिल्टर असलेला रक्ताचाच सेट वापरावा. त्या नळीतून नॉर्मल सलाइनखेरीज काहीही देऊ नये, कारण डेक्स्ट्रोजने (साखरेच्या सलाइनने) पेशी फुटतात आणि रिंगर लॅक्टेट या क्षारयुक्त सलाइनमधील कॅल्शियममुळे गुठळ्या होऊ शकतात. रक्त सुरू करण्यापूर्वी ताप, नाडी, रक्तदाब व श्वसनगती नोंदवावी, पहिली 15 मिनिटे ड्रिप संथ ठेवून रुग्णाजवळच थांबावे आणि मग पुन्हा मोजणी करावी. शुद्धीवरचा रुग्ण थंडी, खाज, कंबरदुखी किंवा छातीत भरून आल्याचे सांगतो. भुलीखालच्या रुग्णाच्या बाबतीत अचानक उतरलेला रक्तदाब, युरोबॅगेतली (लघवी साठवणाऱ्या पिशवीतली) लालसर लघवी किंवा जखमेतून व ड्रेनमधून (जखमेतला स्राव बाहेर काढणाऱ्या नळीतून) एकाएकी वाढलेला रक्तस्राव अशाच खुणा हाती असतात. “ऑपरेशननंतर असं होतंच,” असे गृहीत धरून त्यांच्याकडे दुर्लक्ष करू नये. वयस्कर रुग्णाला धाप लागली तर शरीरात द्रव जास्त झाला असण्याची शक्यताही ध्यानात घ्यावी.

शंका येताच रक्त बंद करावे, कॅन्युला (शिरेतली सुई-नळी) न काढता नव्या सेटने सलाइन चालू ठेवावे, डॉक्टरांना बोलवावे आणि नाव व पिशवी क्रमांक पुन्हा जुळवावेत. पिशवी सेटसह, रक्ताच्या ताज्या नमुन्याबरोबर रक्तपेढीकडे पाठवावी. लघवीचा नमुनाही तपासणीला द्यावा. रिकामी झाली म्हणून पिशवी घाईने कचऱ्यात टाकली, तर तपासायला काहीच उरत नाही.