औषधाच्या दुष्परिणामाचा रिपोर्ट करताना या चुका टाळा

"खात्री झाली की फॉर्म भरतो." एडीआरचे (औषधाच्या दुष्परिणामाचे) फॉर्म तपासणाऱ्याच्या कानावर सगळ्यात जास्त पडणारं वाक्य हेच. खात्री होत नाही आणि फॉर्मही येत नाही. अहो, संशय पुरतो! रुग्णाची काहीतरी खूण (आद्याक्षरं, वय), कळवणारा, संशयित औषध आणि झालेला त्रास, एवढ्या चार गोष्टी असल्या की रिपोर्ट ग्राह्य. औषधामुळेच झालं का, हे तपासायला पुढे माणसं बसलेली असतात. डिसेंबर १९६१ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलेलं डॉ. विल्यम मॅकब्राइड यांचं पत्र, गरोदरपणी थॅलिडोमाइड हे औषध घेतलेल्या आयांच्या बाळांमधल्या जन्मजात व्यंगांबद्दलचं, जेमतेम काही ओळींचं होतं आणि त्याच्या शेवटी चक्क प्रश्न होता: अशी बाळं आणखी कुणी पाहिली आहेत का?

"नवीन औषध आहे, ट्रायलमध्ये दिसलंच असतं" हा दुसरा गैरसमज. दहा हजारांत एकाला होणारा त्रास एकदा तरी दिसेल याची ९५ टक्के शक्यता हवी, तर सुमारे तीस हजार लोकांना औषध द्यावं लागतं. एवढ्या मोठ्या ट्रायल क्वचितच होतात.

बॅच नंबर न लिहिणं, ही माझी खास दुखरी नस. एका रुग्णालयात वेगवेगळ्या वॉर्डांत एकाच अँटिबायोटिकचं सलाइन सुरू झालं की रुग्णांना हुडहुडी भरायची. प्रत्येक वॉर्डने हायड्रोकॉर्टिसोन (रिॲक्शन शमवणारं औषध) दिलं, केसपेपरवर 'रायगर्स' (हुडहुडी) लिहिलं, विषय संपला. एक सिस्टर फार्मसीत सहज बोलून गेल्या, "शेजारच्या वॉर्डातही असंच झालं म्हणे," तेव्हा कुठे धागा जुळला. तोवर रिकाम्या व्हायल कचऱ्यात गेलेल्या, नंबर कुठेच नाही. स्टॉकमध्ये तीन बॅचेस होत्या. तिन्ही बाजूला काढाव्या लागल्या आणि दोष कुठल्या बॅचमध्ये होता ते कळलंच नाही. मी आता फॉर्म नंतर बघतो, आधी लेबलचा फोटो काढायला लावतो. लस आणि बायोलॉजिक (सजीव पेशींपासून बनवलेल्या) औषधांत तर याला पर्यायच नाही.

त्रासाच्या रकान्यात नुसतं 'ॲलर्जी' लिहू नका. पुरळ की सूज, डोसनंतर किती वेळाने, औषध थांबवल्यावर उतरली का, हे लिहा. घाईतल्या रेसिडेंट डॉक्टरला ही तीन वाक्यं जड जातात. रात्री फोन करून तीच विचारावी लागतात.

"आपल्यावर शेकेल" ही भीतीही नको. रिपोर्ट म्हणजे चुकीची कबुली नव्हे.

"दुसरं कुणीतरी कळवेल" म्हणणाऱ्यांसाठी: २००६ मध्ये हेझल आणि शाकिर या संशोधकांनी १२ देशांतले ३७ अभ्यास पडताळले, तेव्हा न कळवलेल्या दुष्परिणामांचं मध्यक प्रमाण ९४ टक्के निघालं.

आणि हे रिपोर्ट गोळा करणाऱ्या केंद्रवाल्यांनो, पोच द्या. ज्याला एकदा उत्तर मिळतं तो पुन्हा कळवतो, हा माझा अनुभव. उत्तर न आलेला डॉक्टर दुसरा फॉर्म मागायला येत नाही.