‘सिंपल’ म्हणजे सोपं? थांबा जरा

मी वृत्तपत्रात उमेदवारीला लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात कोर्टाची एक इंग्रजी बातमी हातात आली. आरोपीला तीन महिन्यांची ‘सिंपल इम्प्रिझनमेंट’. मी बिनधास्त लिहिलं, ‘तीन महिन्यांची सौम्य शिक्षा’. डेस्कवरच्या सरांनी ‘सौम्य’वर लाल काट मारली आणि विचारलं, “सिंपल, पण कशाच्या उलट?” मी गप्प.

उत्तर कायद्यातच होतं. १८६० च्या दंड संहितेत, कलम ५३ मध्ये, कैदेचे दोन प्रकार दिले होते: सक्तमजुरीची आणि साधी. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ते तसेच आहेत. साधी म्हणजे मजुरीविना. दिवस तेवढेच, गजही तेच. सौम्य-बिम्य काही नाही.

तेव्हापासून ‘सिंपल’ हा शब्द दिसला की मी आधी त्याचा जोडीदार, म्हणजे उलट अर्थाचा शब्द, शोधतो. मूळ लॅटिन ‘सिंप्लेक्स’, म्हणजे एकपदरी. सोपेपणा नंतर चिकटला. भाषांतरात नवीन असाल तर हे एकपदरीपण डोक्यात ठेवा, बरेच घोळ टळतील. बँकेच्या पत्रकात ‘सिंपल इंटरेस्ट’ आलं तर जोडीदार चक्रवाढ व्याज, म्हणून हे सरळव्याज. दहा हजारांवर दहा टक्क्यांनी तीन वर्षांचं सरळव्याज ३,००० रुपये, चक्रवाढीने ३,३१०. व्याजावर व्याजाचा दुसरा पदर नाही, एवढंच. ‘सोपे व्याज’ लिहिलेलं मी छापील पत्रकात पाहिलंय! हॉस्पिटलच्या कागदात ‘सिंपल फ्रॅक्चर’ म्हणजे हाड मोडलंय, पण कातडी फाटून जखम झालेली नाही. किरकोळ समजून पेशंटला घरी पाठवू नका.

व्याकरणात तर गंमतच आहे. ‘सिंपल सेंटेन्स’ला आपल्याकडे केवल वाक्य म्हणतात. आता हे बघा: ‘पहाटे उठून, आंघोळ उरकून, डबा घेऊन, धावत स्टेशन गाठून मी कशीबशी ६.१२ ची लोकल पकडली.’ दमवणारं वाक्य आहे, पण केवल आहे. विधान एकच, ‘पकडली’. बाकी सगळी ‘ऊन’वाली आणि ‘त’वाली शेपटं. याउलट ‘तो आला आणि मी गेलो’ एवढंसं, तरी ते संयुक्त. लांबीवर जाऊ नका.

बोलताना आपण ‘सिंपल आहे रे!’ म्हणतो तिथे मात्र खुशाल ‘सोपं’ लिहा. दुकानात ‘सिंपल साडी दाखवा’ म्हटलं तर ती साधी, कमी नक्षीची. (दुकानदार तरीही जरीचीच काढतो, तो भाग वेगळा.)

उलटा प्रवास जास्त निसरडा. साध्या स्वभावाच्या माणसाला इंग्रजीत नुसतं ‘सिंपल’ म्हटलं, तर इंग्रज वाचणारा त्याला बुद्धीने मंद समजू शकतो. शिफारसपत्रात तर नकोच. तिथे निगर्वी, मनमिळाऊ, जे म्हणायचंय त्याचा शब्द शोधा.

आणि ‘सिंप्लिस्टिक’ ही ‘सिंपल’ची भारी आवृत्ती नव्हे. गुंतागुंतीचा विषय उथळपणे उरकलाय, असा तो ठपका आहे. आमच्याकडच्या एका नव्या मुलीने क्लायंटच्या वेबसाइटचं कौतुक करताना नेमका तोच वापरला. मला कळेपर्यंत मेल गेलेला. दुसरा मेल मी लिहिला, त्यात ‘क्लीन’ घातलं आणि वर चार ओळींची माफी.