गॅस मोजला, पण उष्णता?

नोकरीच्या दुसऱ्याच आठवड्यात मी एका जुन्या बॉयलरची कार्यक्षमता ९३ टक्के काढली आणि खुशीत वरिष्ठांकडे नेली. बाकीचे बॉयलर ८४-८५ वर होते. त्यांनी कागद बघितलाच नाही. खिडकीतून चिमणीकडे बोट दाखवून विचारलं, "ती पांढरी वाफ दिसते ना? तिची उष्णता कुणाच्या खात्यात टाकलीस?"

नैसर्गिक वायूतला मुख्य घटक मिथेन. तो जळताना पाणी तयार होतं आणि ते वाफ होऊन जाताना बरीच उष्णता सोबत नेतं. उष्मांक म्हणजे ठरावीक इंधन जळून मिळणारी उष्णता. वाफेची उष्णता धरून मोजलेला उष्मांक म्हणजे जीसीव्ही (ग्रॉस कॅलरीफिक व्हॅल्यू), वगळून मोजलेला म्हणजे एनसीव्ही (नेट कॅलरीफिक व्हॅल्यू). शुद्ध मिथेनसाठी हे आकडे किलोमागे सुमारे ५५.५ आणि ५० मेगाज्यूल, म्हणजे ११ टक्क्यांचा फरक. तसा माझा ९३ खोटा नव्हता, एनसीव्हीवर बरोबरच होता. पण बाकीचे सगळे आकडे जीसीव्हीवर काढलेले! त्या हिशेबाने माझाही बॉयलर ८४ वरच होता. कंडेन्सिंग बॉयलरची, म्हणजे धुरातल्या वाफेचं पाणी करून तिची उष्णताही वापरणाऱ्या बॉयलरची जाहिरात १०० टक्क्यांच्या वर जाते, तीही याच वाटेने.

दुसरी ठेच घनमीटरची. गॅस दाबला की आकसतो, तापला की फुगतो, त्यामुळे नुसतं 'घनमीटर' म्हणून काही कळत नाही. मीटरवर दोन बार गेज दाब (म्हणजे वातावरणाच्या दाबापेक्षा दोन बार जास्त) आणि २५ अंश तापमान असेल, तर मीटरवरचा एक घनमीटर म्हणजे १५ अंश आणि वातावरणीय दाबाला जवळपास २.९ घनमीटर. हे गणित मीटरवरचा करेक्टर करतो. पण तो संदर्भ तापमान ० धरतो की १५, हे बघायला कुणी सांगत नाही. या दोहोंत साडेपाच टक्के जातात. करेक्टर ० वर आणि उष्मांक १५ चा, अशी जोडी मी दोन ठिकाणी पाहिली आहे, आणि दोन्ही ठिकाणी ती कित्येक महिने कुणाच्या लक्षात आली नव्हती.

उष्मांक येतो कुठून? पूर्वी गॅस जाळून कॅलरीमीटरवर मोजत. आता बहुतेक ठिकाणी क्रोमॅटोग्राफ गॅसमधले घटक वेगळे करून त्यांचं प्रमाण देतो आणि आयएसओ ६९७६ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या पद्धतीने त्यावरून उष्मांक काढतात. हे गणित एकदा तरी हाताने कराच. मिथेन ९२, इथेन ५, प्रोपेन १ आणि नायट्रोजन २ टक्के असा गॅस घ्या. १५ अंशांना घनमीटरमागे मिथेनचा जीसीव्ही साधारण ३७.७ मेगाज्यूल, इथेनचा ६६, प्रोपेनचा ९४, नायट्रोजनचा शून्य. बेरीज येते ३८.९. ३.६ ने भागलं की १०.८ किलोवॅट-तास. यात इथेन आणि प्रोपेन मिळून आकारमानाने ६ टक्के, पण उष्णता देतात जवळपास ११ टक्के. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते या छोट्याशा बेरजेने.

बर्नरवाल्यांशी बोलताना मात्र उष्मांकावर थांबू नका. त्यांना हवा असतो वॉबे निर्देशांक, म्हणजे उष्मांक भागिले सापेक्ष (हवेच्या तुलनेतल्या) घनतेचं वर्गमूळ. दोन गॅसचा वॉबे सारखा असेल, तर त्याच दाबाला त्याच नोझलमधून उष्णताही सारखीच मिळते, मग उष्मांक वेगवेगळे का असेनात.

एककांबद्दल थोडक्यात: एक किलोकॅलरी म्हणजे ४.१८७ किलोज्यूल, आणि एक एमएमबीटीयू (दहा लाख ब्रिटिश थर्मल युनिट) म्हणजे १.०५५ गिगाज्यूल. तक्ता टेबलावर चिकटवा, पाठ करत बसू नका.

क्रोमॅटोग्राफने एकदा मला चांगलाच फिरवला. त्याच्या उष्मांकाचा आलेख रोज पहाटे खाली जायचा आणि दुपारी चढायचा. मी कॅलिब्रेशन गॅसचा, म्हणजे यंत्र तपासायच्या ठरलेल्या मिश्रणाचा सिलिंडर बदलला, त्याचं प्रमाणपत्र दोनदा वाचलं, आणि आठवडाभर यंत्राच्या नावाने बोटं मोडली. शेवटी एका तंत्रज्ञाने पहाटे नमुन्याच्या उघड्या नळीवर हात ठेवला. ती गार पडली होती. रात्रीच्या थंडीत जड हायड्रोकार्बन नळीतच द्रव होऊन चिकटत होते, त्यामुळे यंत्राकडे हलका गॅस पोचत होता. ऊन चढलं की तेच पुन्हा वाफ होऊन पुढे यायचे आणि आकडा फुगायचा. नळीला हीट ट्रेसिंग करून, म्हणजे तापवणारी तार लावून, वरून इन्सुलेशन गुंडाळलं, आणि दुसऱ्या दिवसापासून आलेख सरळ झाला.